लाल शाईची ओळ

सोमवार, ४ फेब्रुवारी

दोन ट्रंका, एक शब्दकोश आणि एक गुडघेदुखी एवढा ऐवज घेऊन मी आज सकाळी साडेनऊ वाजता भाच्याच्या इस्पितळात कायमचा राहावयास आलो. तो स्वतः फाटकापर्यंत सामोरा आला. माझ्या हातची पिशवी त्याने जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि भोवती जमलेल्या परिचारिकांना सांगितले, की हे माझे मामा. यांच्या घरी मी वाढलो, आणि यांच्या हातचा मार खाऊनच डॉक्टर झालो. सगळ्या हसल्या. मार मी त्याला एकदाच दिला होता, परंतु अतिशयोक्ती प्रेमापोटी असेल तर ती दुरुस्त करू नये, एवढे मला कळते.

माझी बहीण गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. मला व माझ्या पत्नीला मूल नव्हते. तोच आमचा मुलगा झाला. आज त्याच्या तीस खाटांच्या इस्पितळात मला वरच्या मजल्यावरची एक खोली मिळाली आहे: उत्तम मेज, पाठीस उशी लावलेली खुर्ची, आणि मागच्या अंगणाकडे उघडणारी खिडकी. अंगणात धुतलेल्या चादरी वाळत असतात. खोलीच्या बरोबर खाली पुरुषांचा कक्ष आहे.

मी येथे पाहुणा नव्हे. मला काम आहे. एकोणचाळीस वर्षे मी मुद्रितशोधक होतो, आणि डॉक्टरमंडळींचे अक्षर हा या इस्पितळाला जडलेला जुना आजार आहे. मागल्या महिन्यात एका केसपेपरवरील दशांशचिन्ह माशीची घाण समजले गेले आणि औषधाची मात्रा दसपट होता होता राहिली. मोठ्या सिस्टरांनी ते वेळीच ओळखले. तेव्हा भाच्याने ठरवले, की यापुढे प्रत्येक रुग्णाच्या कागदाची स्वच्छ नक्कल मी करावी, ती खाटेच्या पायथ्याशी लावावी, आणि औषध तिच्यावरूनच दिले जावे. मूळ कागद त्याच्या कपाटात कुलुपात राहील.

मी एकच अट घातली. एखादे औषध एखाद्याला चालत नसेल, तर ती सूचना सर्वांत वर, लाल शाईने, एका स्वतंत्र ओळीत लिहीन. अंगावर येईल अशी. भाचा म्हणाला, मामा, हे आम्हांला इतकी वर्षे का सुचले नाही?

जेवण रुचकर होते. झोप येते आहे. बऱ्याच दिवसांनी मी कोणाच्या तरी उपयोगी आहे.


बुधवार, ६ फेब्रुवारी

दोन दिवसांत एकवीस नकला झाल्या. फाटकावरील पाटीत ‘रुग्णालय’ या शब्दातला ‘ण’ ‘न’ होऊन बसला होता. पहारेकऱ्याकडून शिडी धरवून घेऊन तोही दुरुस्त केला. परिणामी परिचारिकांनी माझे नाव ‘वेलांटीमामा’ ठेवले आहे. पाठीमागे म्हणतात, मला ऐकू येते.

आज एक गंमत हाती लागली. इंजेक्शनच्या खोक्यांत घडी घालून कोंबलेले एक पत्रक असते. ते कोणीही वाचत नाही, सरळ केराच्या डब्यात जाते. बारीक टाइप दिसला की तो वाचल्याखेरीज माझा पाय निघत नाही, म्हणून मी एक उलगडले. पेनिसिलिनच्या घराण्यातले औषध. रक्तात, हाडांत, हृदयाच्या झडपेत, मेंदूच्या आवरणात जंतू शिरले, की गोळीवर भागत नाही. तेव्हा हे शिरेतून देतात. कुपीत पांढरी भुकटी असते, तीत पाणी घालतात. पत्रकातील वाक्ये अशी नेटकी, की मुद्रितशोधकाला काही कामच उरू नये. रुग्णाला पूर्वी या घराण्यातल्या कोणत्याही औषधाचा त्रास झाला आहे का, हे आधी विचारावे. पाणी घातल्यापासून एका तासाच्या आत वापरावे, उरलेले टाकून द्यावे. मोठी मात्रा दहा ते पंधरा मिनिटे घेऊन सावकाश सोडावी. घाईने दिल्यास झटके येण्याचा संभव असतो. मूत्रपिंडे कमजोर असतील तर मात्रा बेताने ठरवावी. आणि श्वास अडकलाच, तर त्यावरचा उतारा व प्राणवायू हाताशी असावा.

दुपारी खाली जाऊन पाहिले. सकाळी नऊलाच सगळ्या सिरिंजा भरून एका तबकात मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर खाटेचा क्रमांक चिकटवलेला असतो. दहाची मात्रा, चारची मात्रा, सर्व एकदमच. एका तासाचे काय, म्हणून मी मोठ्या सिस्टरांना विचारले. तीस वर्षे या कामात मुरलेल्या, जाड चष्म्याच्या, करड्या बाई. त्यांनी सांगितले की हे त्यांनाही पटत नाही; डॉक्टरांना दोनदा सांगून झाले; माणसे कमी आहेत म्हणतात. मी भाच्याला सांगितले. तो हसला. म्हणाला, पत्रक छापणारा वकील असतो, मामा, डॉक्टर नसतो.

खाटेचा क्रमांक म्हणजे रुग्णाचे नाव नव्हे, हेही मी म्हणालो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा मागवला.


शुक्रवार, ८ फेब्रुवारी

स्त्रियांच्या कक्षात चार नंबरच्या खाटेवर एक शिवणकाम करणाऱ्या बाई दाखल झाल्या आहेत. पायात सुई मोडून आत राहिली, ती पिकली, आणि आता पाय पोटरीपर्यंत लाल आहे. ताप मोठा. नक्कल करण्यापूर्वी मी स्वतः त्यांच्याशी बोललो. पूर्वी दातदुखीवर घेतलेल्या पेनिसिलिनने सर्वांगावर गांधी उठून श्वास कोंडला होता, असे त्यांनी सांगितले. मूळ कागदाच्या समासात कनिष्ठ डॉक्टरने तेच खरडले होते. ते वाचावयास भिंग लागले.

मी वर लाल ओळ लिहिली: ‘पेनिसिलिन गटातील कोणतेही औषध देऊ नये. पूर्वी श्वास कोंडला आहे.’ वाळल्यावर पुन्हा वाचली. मोठ्या सिस्टरांनी ती माझ्यासमोर मोठ्याने वाचली आणि दुसऱ्याच गटातले औषध मागवले.

बाई म्हणाल्या, माझ्या विजारीची शिवण बाहेरून दिसते आहे, ती त्या बऱ्या झाल्या की फुकट घालून देतील. माझ्या वाक्यात कोणी चूक काढली असती, तरी मी इतका ओशाळलो नसतो.


रविवार, १० फेब्रुवारी

मित्र मिळाला. या वयात मिळतो, हे मी विसरून गेलो होतो.

पुरुषांच्या कक्षात, माझ्या खोलीच्या बरोबर खाली, एक घड्याळजी आले आहेत. अडुसष्ट वर्षांचे, विधुर, बोटे अजून सुईसारखी. उजव्या गुडघ्यात पू झाला आहे. त्यांच्याही लाल ओळीचे प्रकरण तेच. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका इस्पितळात याच घराण्यातल्या इंजेक्शनने घसा आवळला आणि चेहरा इतका सुजला, की त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, मुलीने ओळखले ते मनगटावरच्या घड्याळावरून. तेव्हा वाचले, ते डॉक्टर शेजारीच उभा होता म्हणून.

औषध आणले की ते प्रत्येक वेळी, प्रत्येकीला, हीच कहाणी पहिल्यापासून ऐकवतात. परिचारिका कंटाळतात. मी त्यांना म्हणालो, की आता तुम्ही एक अक्षरही बोलू नका. निवांत पडा. माझी ओळ तुमच्या वतीने बोलेल, आणि ती दमत नाही.

त्यावर ते म्हणाले, "वेलांटीमामा, वर गेल्यावर माझं नाव तिथल्या वहीत चुकीचं निघालं, तर तुम्ही मला दुरुस्तीसाठी परत पाठवाल ना?"

मी म्हणालो, की अशा वहीची नक्कल माझ्याकडे आल्याखेरीज तुम्हांला वर घेतच नाहीत.

संध्याकाळी बुद्धिबळाचे दोन डाव झाले. दोन्ही हरलो.


मंगळवार, १२ फेब्रुवारी

शिवणकाम करणाऱ्या बाई आज सकाळी गेल्या.

दहा वाजून गेले होते. मी जिन्यावर असताना खाली धावपळ ऐकू आली. दारातून जे दिसले ते लिहिणे प्राप्त आहे: बाईंचे ओठ जाड झाले होते, गळ्यावर लाल चकंदळे होती आणि त्या हवा मागत होत्या. उताऱ्याच्या औषधाची पेटी दुसऱ्या मजल्यावरच्या शस्त्रक्रियागृहात होती. ती येईपर्यंत सहा मिनिटे गेली. मी घड्याळाकडे पाहत होतो.

त्यांचा ताप उतरू लागला होता. काल त्यांनी बसून पेज घेतली.

कोणी मला काही सांगत नाही.


बुधवार, १३ फेब्रुवारी

भाच्याने मला त्याच्या खोलीत बोलावले, दार लावले, आणि माझ्यापुढे बाईंची नक्कल ठेवली. माझे अक्षर. माझी शिरोरेषा. औषधांच्या रकान्यात पेनिसिलिन गटातले इंजेक्शन. वरची ओळ नव्हती. तेथे कोरा कागद होता.

एकोणचाळीस वर्षांत माझ्या हातून अनुस्वारही गळला नाही, असे मी लोकांना सांगत आलो. मी म्हणालो, की मी ओळ लिहिली होती. त्याने मूळ कागद काढून समासातली खरड दाखवली, नंतर नक्कल दाखवली. मग माझ्या शेजारी येऊन बसला.

"मामा, चूक तुमची नाही, वयाची आहे."

बाहेर कोणालाही कळू देणार नाही, म्हणाला. फक्त चौकशी आलीच तर खालच्या पोरींवर बालंट येऊ नये, म्हणून चार ओळी लिहून द्या, की नक्कल करताना सूचना नजरचुकीने राहिली. मी लिहून दिले. सही केली, तारीख घातली. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझे डोळे स्वतःच्या रुमालाने पुसले.

बाईंची मोठी बहीण बाकावर बसली होती. मला तिच्यासमोर जाता आले नाही.


गुरुवार, १४ फेब्रुवारी

झोप नाही. पहाटे ही रोजनिशी उघडली, ती स्वतःला शिक्षा म्हणून. माझी स्मृती कोठून ढासळू लागली, ते पाहावे म्हणून.

शुक्रवारचे पान पाहिले. ओळ लिहिल्याचे नोंदले आहे. तिचे शब्द नोंदले आहेत. वाळल्यावर पुन्हा वाचल्याचे नोंदले आहे. मोठ्या सिस्टरांनी ती मोठ्याने वाचल्याचे नोंदले आहे. नसलेली ओळ कोणी मोठ्याने वाचत नाही.

भाचा शस्त्रक्रियेत असताना त्याच्या खोलीत गेलो. बाईंची नक्कल अजून मेजावरच होती. खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरली. कागद आमचा, शाई आमची, वळण माझे. परंतु मी ओळीच्या अखेरीस हात उचलतो. येथे लेखणी प्रत्येक ओळीच्या टोकाला किंचित टेकून राहिली आहे, ठिपक्याएवढी. ती सवय मी ओळखतो. ती मोडावी म्हणून मी एका पोराला एक अख्खी सुट्टी पाटीवर बसवून ठेवले होते. त्याचे अक्षर मी माझ्या अक्षरावरून घडवले, त्याच्या हातावर हात ठेवून. लोक म्हणत, मामा-भाच्यांचे अक्षर वेगळे ओळखू येत नाही, आणि मी फुगत असे.

ठिपके मोजले. सोळा.

मेजावर डोके टेकून बसलो. माणसाचा गळा केसाने कापता येतो, हे आजवर मी फक्त शब्दकोशात वाचले होते.


शुक्रवार, १५ फेब्रुवारी

मोठ्या सिस्टरांना चादरींच्या आडोशाला गाठले. आधी नाही नाही म्हणाल्या. मग चष्मा काढला.

घडले ते असे. मंगळवारी पहाटे बाईंना चारवरून सात नंबरच्या खाटेवर हलवले. चारच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला होता. सातवर आदल्या दिवसापर्यंत दुसरी रुग्ण होती आणि तिचे पेनिसिलिन सुरू होते. नऊ वाजता तबक भरले गेले. सातची सिरिंज सातला गेली. बाई झोपेत होत्या. परिचारिका मुलीने मिनिटभरात औषध सोडले, आणि मग खाटेच्या पायथ्याशी मान वळवली. लाल ओळ तेथे होती. तीच पाहून ती किंचाळली.

म्हणजे ओळ होती.

मी विचारले, हे तुम्ही चौकशीत सांगाल का? त्या चादरीची कड दुमडत राहिल्या. निवृत्तीला दीड वर्ष उरले आहे, म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांनी दुपारी तुमचा कागद फाडला, मामा. माझ्यासमोर नवा लिहिला. मला वाटलं, तुम्हांला विचारूनच लिहीत असतील."

तबक भरण्याची पद्धत कोणाची, हे निघाले असते तर इस्पितळाला टाळे लागले असते. एका म्हाताऱ्याची नजरचूक निघाली, तर म्हाताऱ्याला विश्रांती मिळते.

हिशेब त्याने बरोबर केला. मीच त्याला शिकवले होते.


शनिवार, १६ फेब्रुवारी

पत्र परत मागितले. त्याने नाकारले नाही, कबूलही केले नाही. सोमवारी दुपारी तपासणीचे अधिकारी येत आहेत, तोवर मी शांत राहावे, म्हणाला. माझी नाडी पाहिली. ताप आहे, म्हणाला. मला ताप नाही.

मी म्हणालो, तू माझ्या हाताने खोटे लिहिलेस. तो म्हणाला, "तुमच्या हातानेच तर शिकलो."

हे तो रागाने म्हणाला नाही. तेच सहन होत नाही.

संध्याकाळी खाली जाऊ दिले नाही. माझ्या पेनांचा डबा मेजावर नाही. ही पेन्सिल कोटाच्या खिशात राहिली होती.


रविवार, १७ फेब्रुवारी

खोलीला बाहेरून कडी. मामांना भ्रम होतो, त्यांना विश्रांती हवी, असे सर्वांना सांगितले आहे. पुरावा म्हणून माझे पत्र सूचनाफलकाशेजारी लावले आहे. माझी सही, माझी तारीख.

मोठ्या सिस्टर रजेवर गेल्या. कालपासून. मागितलेली रजा नव्हे.

नवी सिस्टर जेवण घेऊन आली. ती आजच येथे रुजू झाली. भली मुलगी दिसते, पण दाराशीच उभी राहून बोलते, जणू मी चावेन. तिच्या काखेत केसपेपरांची चळत होती. ताट ठेवताना ती खाटेवर टेकवली, तेव्हा मी पाहिली.

सगळ्या नकला नव्या आहेत. तिसांच्या तीस. माझ्या अक्षरात. ओळींच्या टोकांना ठिपके.

एकाही पानावर लाल शाई नाही.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. इतर पानांवर लाल ओळी दिसल्या असत्या, तर बाईंच्याच पानावर का नाही, हे कोणीही विचारले असते. म्हणून सगळ्याच पुसल्या. या इस्पितळात लाल ओळ नव्हतीच कधी.

घड्याळजींचे पान वरून तिसरे होते. तेही कोरे.


सोमवार, १८ फेब्रुवारी. सकाळ

नवी सिस्टर चहा घेऊन आली. खालच्या घड्याळवाल्या काकांचा पुवाचा रिपोर्ट आला, म्हणाली. औषध बदलले आहे. नवे इंजेक्शन आज चारपासून. मी नाव विचारले. तिने सांगितले.

पेनिसिलिनचे घराणे.

मी तिला सर्व सांगितले. सावकाश, क्रमाने, आवाज न चढवता. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, की पण मामा, पान तर तुमच्याच अक्षरात आहे, आणि पत्रही. काकांना विचार, असे मी म्हणालो. विचारले होते, म्हणाली. काकांना ताप आहे, ग्लानीत असतात. ते एवढेच म्हणाले, की वेलांटीमामांनी सगळं लिहून ठेवलंय, मला काही बोलायचं नाही.

ते मी त्यांना शिकवले. मीच.


दुपार, दीड वाजता

भाचा आला. त्याला सांगितले. हात जोडले. ज्याच्या हातावर हात ठेवून गिरवून घेतले, त्याच्यापुढे जोडले.

तो खाली पाहत राहिला. घड्याळजींची ओळ त्याला आठवत होती. ते चेहऱ्यावर दिसले. भरभर तीस पाने लिहिताना त्याने ती वगळली, आणि वगळताना वाचली होती.

"मामा, लाल ओळ आता एकाच पानावर कशी लिहू?"

दुसरे औषध दे, म्हणालो. रिपोर्टप्रमाणे हेच लागू पडते, म्हणाला. आज बदलले तर अधिकारी विचारतील, का बदलले. बारा वर्षांपूर्वीचे लोक काहीही सांगतात, अंगावर पुरळ उठले तरी नाव पेनिसिलिनचे घेतात. आधी थेंबभर देऊन पाहू. मी स्वतः शेजारी उभा राहीन.

अधिकारी चारला येणार आहेत. मग घड्याळजींपाशी कोण उभे राहणार?

विचारले. कडी लावण्याचा आवाज आला.


सव्वातीन

खिडकीतून हाका मारल्या. अंगणात कोणी नाही. चादरी धुण्याचे यंत्र सुरू आहे, त्याच्या घरघरीत माझी हाक पोहोचत नाही. पहारेकऱ्याने एकदा वर पाहिले. हात हलवला. हसला.

खुर्चीने जमीन ठोकली. खालून, बहुधा खाटेच्या दांडीवर, ठक ठक असे उत्तर आले. घड्याळजी. पुन्हा ठोकली, जोरात. पुन्हा ठक ठक. त्यांना वाटते आहे, मी डावाला बोलावतो आहे.


तीन पस्तीस

मोटार आली, वेळेआधीच. दारे उघडली, लागली. भाच्याचे हसणे. तो त्यांना त्याच्या खोलीत घेऊन गेला. पुरुषांच्या कक्षात नव्हे.

उताऱ्याची पेटी अजून दुसऱ्या मजल्यावरच असेल. असेल ना? कोणी खाली आणली असेल तर— कोण आणणार.

जमीन ठोकतो आहे. खालून आता उत्तर नाही. बहुधा झोप लागली.


तीन अठ्ठेचाळीस

ट्रॉलीची चाके. पुढच्या टोकापासून सुरू करतात. एक खाट, थांबणे, दुसरी खाट. प्रत्येकीला मिनिट. पत्रकात दहा ते पंधरा मिनिटे आहे. दहा मिनिटे लागली असती तर त्यांना कळले असते, काही तरी होते आहे, हात मागे घेता आला असता—

घड्याळजी खिडकीपाशी. शेवटची खाट. सात खाटा मध्ये.

नवी सिस्टर मघाशी दाराच्या फटीतून जिन्याच्या तोंडाशी दिसली. पानाचा तुकडा फाडून दाराखालून सरकवला. तिने उचलला की नाही कळत नाही. त्यावर घाईत लिहिले, खाटेचा क्रमांक लिहिला, नाव लिहायचे राहिले. नाव— मी—

पुन्हा लिहितो. नावासकट.


तीन छप्पन्न

दोन खाटा.

जिन्यावर पावले आहेत. कोणी तरी वर येते आहे. सिस्टर असतील तर हे पान हाती देतो. सिस्टर, हे पान भ्रमाचे नाही. मी शुद्धीवर आहे. आज सोमवार, अठरा. नकला माझ्या नाहीत. भाच्याला आता काही करू नका, चौकशी नको, माझी बदनामी होऊ दे, सगळे माझ्या माथी राहू दे, फक्त खाली जा. सिरिंज ट्रॉलीवरून उचला. फक्त ती एक.

पावले दाराशी. सिस्टरांच्या चपला वाजत नाहीत. हे बूट भाच्याचे—

कडी निघते आहे. खाली चाके थांबली.

सिस्टर. खिडकीजवळची शेवटची खाट. घड्याळजी. यांना पेनिसिलिन गटातील कोणतेही औष